नव्या नाडीचा परकर

घशाच्या डॉक्टरांकडे शर्मिला निघाली तेव्हा तिचा घसा अगदी ठणठणीत होता, आणि ही गोष्ट अख्ख्या पुण्यात तिच्या एकटीलाच ठाऊक होती.

सदाशिव पेठेतला तो दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिन्यातच पाटी होती: 'चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास आत येऊन सांगू नये.' आत आणखी एक पाटी. शर्मिला कुठंही गेली की तिची नजर आधी तसलीच पाटी शोधायची: 'स्वच्छतागृह फक्त कर्मचाऱ्यांसाठी.' ती वाचली आणि तिच्या पोटात बारीक कळ उठली. पोटालाही जणू अक्षरओळख होती. जिथं सोय असे तिथं ते गरीब गाईसारखं रवंथ करत बसे. जिथं नाही, तिथं शिंगं रोखून उभं राही.

"आई, घाम का आलाय तुला?" शेजारी बसलेल्या अक्षतानं, तिच्या लेकीनं विचारलं.

"जिना चढले ना."

"एकच तर मजला." अक्षता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. लग्न आठवड्यावर आलेलं, हातावर पार्लरवालीनं नमुन्यादाखल काढलेली मेंदी, आणि डोळ्यांत धास्ती. आईचा घसा वर्षभर बसलेला. विहारातली वंदना बंद, गाणं बंद. तिनं नेटवर काय काय वाचलं असेल ते शर्मिलाला दिसत होतं. दिसत होतं आणि तरी ती बोलत नव्हती.

डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली, पडद्यावर बघितलं, 'ई म्हणा' म्हणाले, पुन्हा बघितलं. मग नळी काढून हात धुतले.

"घसा उत्तम आहे. माझ्यापेक्षा बरा आहे. कशासाठी आला होतात?"

अक्षतानं आईकडे पाहिलं. शर्मिलानं पदर तोंडाला लावला आणि खोटं खोटं खोकली.

"हा खोकलाही उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

खाली स्कूटरपाशी अक्षतानं हेल्मेट हातात घेतलं, घातलं नाही.

"तुला पुष्कर पसंत नाही. हो ना?"

"काहीतरीच काय."

"मग काय? त्यांच्या घरी एकदा गेलीस, त्यानंतर पाऊल ठेवलं नाहीस. हेमाकाकूंनी दोनदा बोलावलं. लक्ष्मी रोडला साड्या घ्यायला आली नाहीस. मी एवढंच म्हटलं होतं, हळदीला जात्यावर ओव्या तू म्हण, आजी म्हणायची तशा. तर घसा. आणि आता घसा उत्तम!" तिचा आवाज चिरकला. "ते वेगळ्या जातीचे आहेत म्हणून नकोत, तर तसं तोंडावर सांग. मला चालेल. पण हे असं आजाराचं नाटक नको करूस."

शर्मिला काही सांगणार होती. पण नेमकं तेव्हाच पोटानं शिंगं रोखली. आता बोलायला तोंड उघडलं तर काय होईल याचा नेम नव्हता. तिनं दात आवळले, एक हात स्कूटरच्या सीटवर दाबून धरला, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "घरी चल. लवकर."

अक्षतानं त्या आवळलेल्या दातांचा जो अर्थ लावायचा तो लावला. तिनं हेल्मेट घातलं आणि स्कूटर सुरू केली.

शर्मिला ओव्हाळला साखरेचा आजार जडला तेव्हा अक्षता शाळेत होती. मागून ब्लडप्रेशर आलं, मग थायरॉईड. ही दुखणी कशी पाहुण्यासारखी नाव सांगून, दार वाजवून आली. त्यांच्याबद्दल चारचौघांत बोलता येत होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तर शुगर किती आली यावर बायका मार्कांसारखी चर्चा करायच्या. पोटाचं दुखणं मात्र मागच्या दारानं शिरलं. त्याचं नाव घ्यायचं तर जो शब्द घ्यावा लागे, तो शब्दच तिच्या तोंडातून निघत नव्हता.

सकाळची साखरेची मोठी गोळी घेतली की तासाभरात पोटात कालवाकालव सुरू होई. म्हणून बाहेर जायच्या दिवशी ती गोळी गाळायची. खायचीही नाही काही. मग दुपारी हातपाय कापायला लागले की मिळेल ते तोंडात कोंबायची, बिस्किटं, लाडू, काहीही. साखर कधी पाताळात, कधी आभाळात. शुगरचे डॉक्टर रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालत आणि म्हणत, "बाई, तुम्ही पथ्य पाळत नाही," आणि गोळी वाढवत. वाढवलेल्या गोळीनं पोट आणखी चवताळे. ते अगदी शेवटी, पेन बंद करता करता विचारत, "पोट ठीक?" आणि ही म्हणे, "ठीक." केमिस्टकडून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून खाई, की चार दिवस धरणाला टाळं, आणि पाचव्या दिवशी सगळे दरवाजे एकदम उघडे.

गेल्या वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायला शर्मिलाच बसायची, पांढरी शुभ्र साडी नेसून, सगळ्यांच्या समोर. वाचणाऱ्यानं मधे उठू नये असा रिवाज. एका संध्याकाळी पान अर्धं झालं आणि तिला उठावं लागलं. दारापर्यंत पोचली. दाराच्या पुढं नाही पोचली.

मागून कुणी बघितलं का, हे तिला आजतागायत कळलेलं नव्हतं. न कळणं हेच जास्त जाळत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं निरोप धाडला, घसा बसलाय. झालं, सगळ्या विहाराला पान्हा फुटला. कुणी ज्येष्ठमध आणून दिलं, कुणी कंकोळ. चंपामावशीनं तर साखरेच्या पेशंटला पुडाभर खडीसाखर दिली आणि म्हणाली, "चघळ. तुझ्या आवाजाबिगर विहार सुना सुना वाटतो गं." तो पुडा अजून फडताळात होता. पांढऱ्या साड्या कपाटात सगळ्यात खाली गेल्या. नवी साडी घ्यायची झाली तर शर्मिला गडद रंग बघायची, मरून, कॉफी, काळपट निळा. जिच्यावर काही दिसणार नाही अशी.

पांढऱ्याशी तिचं नातं जुनं होतं. तिची आई मुक्ताई महापालिकेत झाडूवाली. पहाटे पेठेपेठेतून खराटा फिरवायची, लोकांच्या मोऱ्या साफ करायची, आणि दुपारी घरी आली की अंगाचं कातडं निघेल इतकं घासून आंघोळ करायची. पौर्णिमेला पांढरं पातळ नेसून विहारात जाताना ती अशी चालायची, की नाक्यावरची पोरंसुद्धा बाजूला सरायची. "आपल्याला लोक घाण म्हणत आले," ती शर्मिलाची वेणी घालताना म्हणायची, "तर आपल्या अंगाला, घराला, कापडाला बोट लावायला जागा ठेवायची नाही." शर्मिलानं ठेवली नव्हती. शिकली, सरकारी ऑफिसात हेडक्लार्क झाली, घरातली फरशी आरशासारखी ठेवली. आणि पन्नाशी उलटल्यावर तिच्याच देहानं तिला दगा दिला. तोही असा, की आईच्या फोटोकडे बघायचीसुद्धा चोरी.

पुष्करच्या घरी गेली होती ती बोलणी करायला. सदाशिव पेठेतच तिसऱ्या मजल्यावरचा नीटनेटका फ्लॅट. शर्मिला ठरवून सकाळपासून उपाशी होती. पण पुष्करच्या आईनं, हेमाताईंनी, ओल्या नारळाच्या करंज्या केल्या होत्या आणि स्वतःच्या हातानं बशीत वाढून पुढं धरल्या.

"घ्या शर्मिलाताई. विकतच्या नाहीत. चितळ्यांवर माझा विश्वास आहे, पण एवढाही नाही."

नको म्हणायला शर्मिलानं तोंड उघडलं, आणि मिटलं. तिच्या आईला या पेठांतून वरून ओंजळीत पाणी मिळायचं. आज त्याच पेठेत कुणी हातानं बशी पुढं करतंय, आणि आपण नको म्हणायचं? यांना काय वाटेल? राग धरून आलीय, असंच. म्हणून तिनं करंजी खाल्ली. दुसरीही खाल्ली, कारण पहिली खाऊन थांबलं तर आवडली नाही असं वाटलं असतं. चहाही घेतला, दुधाचा.

मग तारखेवर बोलणं आलं आणि शर्मिला म्हणाली, "जरा हात धुऊन येते." ती बाथरूममध्ये पोचली खरी, पण क्षणभर उशिरा.

तिथं तिनं काय काय केलं ते आठवलं की आजही तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. नळ सोडून आवाज झाकला. साडी गडद होती म्हणून निभावली, नुसती खालची कड धुवावी लागली. परकर मात्र गेला होता. पर्समध्ये आतले जादा कपडे असत, परकर कोण ठेवतं? आणि परकराविना साडी खोचायची कशात? शेवटी तिनं परकराची नाडी ओढून काढली, ती कमरेला घट्ट बांधली, आणि तिच्यातच निऱ्या खोचल्या. परकर पिळून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला. फरशी पुसली. पुन्हा पुसली. चेहऱ्यावर पाणी मारून बाहेर आली आणि हसून म्हणाली, "हं, काय ठरलं मग?"

रिक्षा लाल महालापाशी आली तेव्हा तिला आठवलं. पिशवी दारामागच्या खुंटीला तशीच राहिली होती.

त्यानंतर ती त्या घरी कशी जाणार होती? हेमाताईंच्या डोळ्याला डोळा कसा देणार होती? त्यांनी ती उघडली असेल. नाक मुरडलं असेल. मनात म्हणाल्या असतील, शेवटी हे लोक... पुढचं वाक्य शर्मिला रोज वेगळं रचायची, आणि रोज ते आदल्या दिवसापेक्षा जास्त लागायचं.

घशाच्या डॉक्टरांकडून आल्यावर घरात दोन दिवस अबोला होता. शर्मिलाचा नवरा राकेश टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, सगळ्या घराची लाइन आपण जोडून देऊ शकतो असं त्याला अजून वाटायचं. तो आईकडून लेकीकडे आणि लेकीकडून आईकडे हेलपाटे घालत होता.

"अगं, बोल तिच्याशी. पोरगी आठवड्यानं जाणार."

"काय बोलू?"

"मला काय माहीत? तुझं तुला माहीत."

बायको बाथरूममध्ये जास्त वेळ असते, हे राकेशला दिसत होतं. त्यानं पेपर वाचायची जागा तिथून मुकाट्यानं गॅलरीत हलवली होती. यापलीकडे त्यानं कधी विचारलं नाही. त्यालाही तो शब्द अवघडच जात असावा.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्षता बाहेरून आली आणि एक कागदी पिशवी पलंगावर टाकली. हातानं नव्हे, रागानं टाकली.

"हेमाकाकूंनी दिलीय. तुला साडी. मॅचिंग परकर आत आहे म्हणाल्या. त्या बिचाऱ्या तुझ्यासाठी साड्या निवडतायत, आणि तू..."

ती आत निघून गेली. शर्मिलानं पिशवी उघडली. वर साडी होती, मोतिया रंगाची, बारीक जांभळ्या काठाची. तिच्याखाली एक परकर. मरून. कडक इस्त्री केलेला, चौकोनी घडीचा. खालच्या झालरीला शर्मिलानं स्वतः लावलेलं ठिगळ. कमरेला नवी कोरी पांढरी नाडी ओवलेली, दोन्ही टोकांना गाठी मारून, म्हणजे आत ओढली जाऊ नये.

तिला दरदरून घाम फुटला. परकर छातीशी धरून ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली, आणि पालथ्या बादलीवर बसली.

कळलं तर बाईला. सगळं कळलं. नाडी का नव्हती तेसुद्धा कळलं. शर्मिलाला आधी रागच आला. कुणी सांगितलं होतं धुवायला? टाकून द्यायचा. निदान टाकून दिला असं मी समजले असते. आणि धुतला तरी कुणी? हेमाताईंनी थोडाच? धुणंभांड्याच्या बाईला दिला असेल. आणि ती बाई आपल्यातलीच असेल. माझ्या आईसारखी कुणी, जिनं त्या पिशवीत हात घातला असेल आणि काही न बोलता... इथं मात्र तिला रडू फुटलं. घसा खरंच बसलेला असता तर बरं झालं असतं, इतकं मोठ्यानं.

दारावर थाप पडली. "आई? आई, काय झालं? दार उघड."

"नको उघडायला."

"मग मी बाबांना बोलावते."

"त्यांना नको. तू... तू तिथंच बस. दाराशी." बाहेर फरशीवर बसल्याचा आवाज आला. मधे बंद दार होतं, आणि दाराशी बोलणं माणसाशी बोलण्यापेक्षा सोपं असतं, हे शर्मिलाला त्या दिवशी कळलं. "अक्षू, मला संडास थांबत नाही."

शर्मिलानं परकराची नाडी बोटाला गुंडाळली.

"तीन वर्षं झाली. कुठंही. विहारात झालं होतं. पुष्करच्या घरी झालं. हा परकर माझाच आहे. मी तिथं विसरून आले होते."

मग अक्षता म्हणाली, "म्हणजे पुष्करचं काही नाही?"

"पुष्कर सोन्यासारखा आहे गं."

"आणि घसा?"

"घसा उत्तम आहे. सांगितलं ना त्यांनी."

बाहेरून हुंदका आला की हसू, ते दाराआडून कळेना. बहुधा दोन्ही. "आई, मी काय काय धरून बसले होते माहितीये? आधी कॅन्सर. मग म्हटलं, आई जातीवरून... माझी आई! तू मला ते वाटू दिलंस. त्यापेक्षा हे सांगणं अवघड होतं?"

शर्मिलानं विचार केला. खरं तेच सांगितलं. "हो."

"शुगरच्या डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"बरोबर तू असायचीस. नाहीतर बाबा."

"आणि एकटी गेलीस तेव्हा?"

"तेव्हा डॉक्टर असायचे ना."

आता मात्र बाहेर हसूच होतं, ओलं, नाक ओढत. शर्मिलाला हसू आलं नाही. कडी काढून ती बाहेर आली तेव्हा मान खालीच होती. लेकीनं तिच्या हातातला परकर घेतला, घडीवर घडी नीट केली आणि कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघी शुगरच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी रिपोर्ट वाचला, आठ्या घातल्या, "बाई, पथ्य..." म्हणून सुरुवात केली, आणि अक्षतानं टेबलाखालून आईचा हात दाबला.

"गोळी मी रोज घेत नाही," शर्मिला टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाली. "घेतली की जुलाब होतात. थांबत नाहीत. कपडे खराब होतात." एवढं बोलायला तिला जिना चढल्यासारखी धाप लागली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि मी दर वेळी विचारायचो, पोट ठीक?"

"तुम्ही पेन बंद करता करता विचारायचात."

डॉक्टर थोडे वरमले, मग थोडे रागावले, मग दोन्ही सोडून कामाला लागले. केव्हा होतं, झोपेतून उठवतं का, वजन घटलं का, रक्त पडतं का, असे एकेक प्रश्न त्यांनी विचारले, आणि एकेक उत्तर देताना शर्मिलाचे कान जळत राहिले. गोळीमुळे असेल, कदाचित इतक्या वर्षांच्या साखरेनं आतड्याच्या नसांवर परिणाम झाला असेल, थायरॉईडचंही बघायला हवं, असं ते म्हणाले. गोळी बदलून दिली, हळूहळू विरघळणारी, जेवणाबरोबर घ्यायची. तपासण्या लिहिल्या. केमिस्टच्या मनानं काही घ्यायचं नाही, आणि उपाशी राहायचं अजिबात नाही.

"शनिवारी हळद आहे," शर्मिला म्हणाली. "तोपर्यंत..."

"तोपर्यंत काही जादू होणार नाही. थोडा फरक पडेल, कदाचित. हळदीच्या हॉलमध्ये संडास आहे ना?"

"घरीच आहे हळद."

"मग घरी आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर," डॉक्टर म्हणाले आणि या वेळी पेन उघडंच ठेवून विचारलं, "आणखी काही सांगायचं राहिलंय?"

शनिवारी सकाळी राकेशनं मुक्ताईचं जातं माळ्यावरून काढलं. कसब्यातून नवा लाकडी खुंटा करून आणला होता, तो ठोकून बसवला. जातं मांडायचं कुठं यावर घरात खल झाला. हॉलच्या मधोमध म्हणजे शोभा. पण अक्षतानं ते ओढत नेऊन बाथरूमकडच्या बोळाच्या तोंडाशी मांडलं.

"हे काय गं, इथं अडगळीत?" चंपामावशी म्हणाली. "आणि विहारात ह्ये हळदीबिळदीचं चालत नाय बरं का, आधीच सांगते." असं सांगून ती सगळ्यात आधी जात्याशी मांडी घालून बसली.

शर्मिलानं कपाटातून सगळ्यात खालची पांढरी साडी काढली. घडीवर पिवळट वळ उठले होते. आत तो मरून परकर घातला. पांढऱ्यातून मरून दिसत होता, शोभत नव्हता. तरी तिनं तोच घातला. सकाळी पोळी खाल्ली होती, गोळी घेतली होती, आणि पोट अजून बसलेलं होतं. पण त्याचे कान टवकारलेले होते, हे तिला कळत होतं.

दारात हेमाताई आल्या, तेव्हा शर्मिलाला वाटलं आपण बोळातून सरळ आत पळावं. हेमाताईंनी चप्पल काढली, ओटीचं सामान अक्षताच्या हातात दिलं आणि सरळ शर्मिलापाशी आल्या. दोघी विहिणी समोरासमोर. शर्मिलाचे डोळे फरशीवर.

"हेमाताई, तो परकर..."

"कापड चांगलं आहे त्याचं. हल्ली मिळत नाही असं," हेमाताई नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "कुठून घेतला होतात?"

"तुमच्या बाईला..." शर्मिलानं पदराचं टोक मुठीत घेतलं. "बाईला उगाच धुवावा लागला."

"आमच्या बाईला मी सांगते आणि ती ऐकते, असं वाटलं की काय तुम्हाला? मी मशीनला लावला. इस्त्री माझी. नाडीही माझी." मग आवाज जरा खाली आणून, पण तितक्याच रुक्षपणे त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही दुसरी करंजी नको म्हणाला असतात तरी चाललं असतं हो. मला कळलं असतं."

शर्मिलाला वाटलं, नसतं कळलं. लाज गेली नव्हती. ती तिथंच होती, दोघींच्या मधे, तिसऱ्या विहिणीसारखी. फक्त आता तिला बसायला पाट दिलेला होता.

बायका जमल्या. हळकुंडं जात्यात पडली. शर्मिला बसली, पलीकडे अक्षता, दोघींच्या मुठी एका खुंट्यावर. वर्षभर न गायलेला आवाज आधी खरखरला, मग दगडाच्या घरघरीत मिसळला आणि सापडला.

*जात्याच्या पाळीवर, हळद सांडली सोन्यावानी*
*लेक चालली परघरी, माझ्या गळ्यात दाटे पाणी*

चंपामावशीनं डोळे टिपले. "घसा सुटला गं बाई. माझी खडीसाखर लागू पडली."

दुसरी ओवी शर्मिलानं आईसाठी धरली. ही तिनं स्वतः जुळवली होती, कधीची, आणि परक्यांसमोर कधी म्हटली नव्हती.

*माझ्या गं मायेचं, पातळ पांढरं दुधावानी*

आणि इथं पोट उठलं.

तिचा हात खुंट्यावर थांबला. जातं थांबलं. सगळ्या बायकांच्या माना तिच्याकडे वळल्या. पुढची ओळ जिभेवर होती आणि खाली सगळं सुटू बघत होतं. घसा धरून खोकावं, असं तिच्या मनात आलं. खोकला तयार होता. वर्षभर तोच कामाला आला होता.

"विहीणबाई, काय झालं? थांबलात का?" मागून वरपक्षातल्या कुणीतरी विचारलं.

शर्मिलानं समोर पाहिलं. अक्षता तिच्याकडे बघत होती. काही सुचवत नव्हती, नुसती बघत होती.

"मी संडासला जाऊन येते," शर्मिला म्हणाली. आवाज गाण्याचाच लागलेला होता, त्यामुळे तो शब्द खणखणीत निघाला आणि हॉलच्या पार टोकापर्यंत गेला. तिचं तोंड लाल लाल झालं. "जातं थांबवू नका."

ती उठली. कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी हसणारीला दटावलं. हेमाताई पदर खोचून पुढं सरकल्या आणि शर्मिलाच्या रिकाम्या जागेवर बसल्या. त्यांना ओवी येत नव्हती. त्यांनी नुसता खुंटा धरला.

आत, कडी लावून, शर्मिला भिंतीला कपाळ टेकून बसली. पोचली होती. या खेपेला वेळेत पोचली होती. तरी बाहेर आता काय काय बोललं जात असेल ते तिचं मन आपलं रचू लागलं होतं. मग दाराबाहेरून आवाज आला. अक्षताचा, बेसूर, आजीच्या चालीत न बसणारा. ती एकच ओळ धरून बसली होती, जातं फिरत होतं आणि ती पुन्हा पुन्हा तीच ओळ म्हणत होती, *माझ्या गं मायेचं, पातळ पांढरं दुधावानी*. तिला पुढची ठाऊक नव्हती. हळूहळू चंपामावशीनं सूर मिळवला, मग आणखी दोघींनी. सगळ्याजणी त्या एका ओळीशी थांबून राहिल्या होत्या, तिच्यासाठी.

शर्मिलानं हात धुतले. पुन्हा धुतले. निऱ्या चाचपल्या, नाडीची गाठ चाचपली. घट्ट होती. कडी काढून ती बोळात आली. कुणाच्या तोंडाकडे न बघता, मान खाली घालूनच ती जात्यापाशी गेली. अक्षतानं हळदीचा हात लांब करून तिला खाली ओढलं, आणि पांढऱ्या पदरावर पाच बोटं पिवळी उमटली.

"अगं, साडी!" चंपामावशी ओरडली.

"राहू दे," शर्मिला म्हणाली. खुंट्यावर हेमाताईंची मूठ होती, तिच्यावर तिनं आपली मूठ ठेवली, आणि आईची ओवी पुरी केली.

*हाती खराटा पालिकेचा, चाले रस्त्यानं राणीवानी*